आबदाराचा अर्धा पेला

आमचे बाबा कधी बसायचे नाहीत. म्हणजे टेकायचे, पण टेकले की खालून कुणी टोचल्यासारखे उठायचे. जेवताना दोनदा तरी उठणार. एकदा पाण्याचा तांब्या जागेवर आहे ना ते बघायला आणि एकदा काही कारण नसताना. भावकीच्या पंगतीत तर मला जीव नकोसा व्हायचा. सगळी माणसं मांडी घालून वरणात बट्टी मोडतायत आणि आमचे बाबा कुणाच्या तरी उजव्या खांद्यामागे पाण्याचं भांडं घेऊन ताठ उभे. ज्याच्या मागे उभे राहत त्या बिचाऱ्याला घास गिळवत नसे.

"निंबाभाऊ, बसा ना आता," लोक म्हणायचे. बाबा म्हणायचे, "हो हो, बसतो," आणि दुसऱ्याच्या खांद्यामागे जाऊन उभे राहायचे.

ही खोड नोकरीची होती. आमचं घर बुऱ्हाणपूरला, तापीच्या राजघाटाच्या वाटेवर, पण बाबांची उमेदीची सगळी वर्षं गेली नर्मदेपलीकडच्या एका लहानशा संस्थानात. तिथे ते आबदार होते. राजाच्या जेवणाला पिण्याचं जे काही असेल ते बघायचं, ही आबदाराची कामगिरी. दुपारी पाणी, सरबत. रात्री विलायती बाटल्या. आधीचे दोन आबदार बाटलीतली पिऊन वर पाणी भरत असत. महाराज वैतागले आणि म्हणाले, आता मला गळ्यात तुळशीची माळ असलेलाच माणूस आणून द्या. बाबांचे मामा तिथल्या तबेल्यात होते. त्यांनी भाच्याला नेऊन उभा केला. मिसरूडही न फुटलेला पोरगा, घराणं माळकरी, मांसमच्छी आणि दारू वर्ज्य, एकादशी कडक. महाराजांनी म्हणे ती माळ दोन बोटांत धरून पाहिली आणि कपाटाची किल्ली काढून दिली.

वीसेक वर्षं बाबांनी त्या किल्लीला बट्टा लावला नाही. बाटलीच्या गळ्याला पांढरं फडकं गुंडाळायचं, उजव्या बाजूने ओतायचं, थेंब सांडू द्यायचा नाही आणि मग भिंतीला न टेकता उभं राहायचं, पाहुणे उठेपर्यंत. जेवण आटोपलं की शेवटी एक लाल वाईन असे, पोर्ट म्हणतात तिला. ती लहान पेल्यात, थोडी. बाबांनी हजारो पेले भरले असतील. एकाची चव त्यांना माहीत नव्हती.

मग स्वराज्य आलं आणि त्याच्या मागोमाग संस्थानं विलीन झाली. महाराजांना तनखा बांधून मिळाला. बाबांना एक शाल मिळाली आणि तोंडभर शाबासकी. ट्रंक डोक्यावर घेऊन ते घरी आले तेव्हा मी चौदा-पंधराची होते. तोवर वर्षातून दोनदा येणारा एक गोरटेला, अबोल पाहुणा एवढीच माझी त्यांची ओळख. आता तो पाहुणा रोज घरात होता आणि एका जागी ठरत नव्हता. माय म्हणायची, "ह्या मानसाच्या पायाले भिंगरी आहे." ओसरीवरून अंगणात, अंगणातून घाटावर, घाटावरून परत. केळीची शेती त्यांना येत नव्हती, दुकानदारी येत नव्हती. येत होतं ते एकच, आणि त्या गोष्टीचं आमच्या गल्लीत नाव काढायची सोय नव्हती.

शेवटी इतवारा पेठेतल्या एका शेठने त्यांना बोलावून घेतलं. शेठच्या दुकानात एका अंगाला औषधं होती आणि दुसऱ्या अंगाला परवान्याची विलायती दारू. मधल्या फळीवर एक लाल बाटली असायची, ती दोन्हीकडची. वर द्राक्षांच्या घडाचं चित्र, आत माणकाच्या रंगाची स्वस्तातली देशी पोर्ट. डॉक्टर अशक्त माणसांना लिहून देत, बाळंतिणींना देत, आणि ज्यांना कुणी काही लिहून दिलेलं नसे तेही डॉक्टरचं नाव सांगून नेत. ती बाटली खपवायला शेठला बाबा हवे होते.

गिऱ्हाईक आलं की शेठ गल्ल्यावरून हाक मारायचा, "अरे, इनको पूछो! ये निंबाभाऊ राजासाबच्या घरी हीच पाजत होते. बोलो निंबाभाऊ, कैसी है?"

बाबा बाटली उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "रंग असाच होता."

गिऱ्हाईकाला तेवढं पुरायचं. बाबांना वाटायचं आपण खोटं बोललो नाही. आणि खरंच बोलले नव्हते. पण त्या एका वाक्यावर किती बाटल्या गेल्या याचा विचार ते घरी येऊन करत आणि अंगणात फेऱ्या घालत.

गंमत बघा. दुकानात नोकरी टिकायची तर लोकांना वाटायला हवं की ह्या माणसाने राजाची दारू चाखलेली आहे. आणि भावकीत मान राहायचा तर लोकांना वाटायला हवं की ह्याने ती कधी चाखली नाही. बाबांनी दोन्हीपैकी काहीच सांगितलं नव्हतं. लोकांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकलं. भावकीने तर ठरवलंच होतं. वीस वर्षं दारूच्या कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेला, तो कोरडा राहील? माळ काय, सहा दिवस खुंटीला टांगायची आणि सातव्या दिवशी घालायची. हे आमच्या तोंडावर कुणी म्हणत नसे. पाठीमागे म्हणत आणि ते आमच्या कानी येईल अशी तजवीज करत.

ह्याचा फटका बाबांना नाही, मला बसणार होता. दापोऱ्याच्या कौतिकदादांचा मुलगा लीलाधर मला बघून गेला होता. केळीचे बाग, घरी विहीर, माणसं सालस. पण ते सगळं मायसाठी. मला लीलाधर आवडला होता. बघायला आला तेव्हा आमच्या दारातला निखळलेला दगड त्याने कुणी न सांगता नीट बसवला आणि मग हात धुऊन आत आला. एवढ्यावर कुणी जन्माचा निर्णय घेतं का? मी घेतला होता. रात्रंदिवस तोच डोक्यात होता आणि सांगायची लाज मला तेव्हाही नव्हती, आजही नाही.

कौतिकदादांनाही सोयरीक हवी होती. पण त्यांची भावकी कुरकुरत होती, दारुड्याच्या घरची पोरगी माळकऱ्याच्या चुलीवर कशी चालेल म्हणून. तेव्हा कौतिकदादांनी मार्ग काढला. निंबाभाऊंनी राजघाटावर, चार माणसांसमक्ष, तापीमायचं पाणी ओंजळीत घेऊन सांगावं की आजवर दारू तोंडाला लावली नाही. एकदा पाण्यावर बोललं की भावकीची तोंडं बंद. लगेच तिथेच नारळ देऊन सोयरीक पक्की. वैशाखातली एकादशी झाली की द्वादशीच्या सकाळी, असं ठरलं.

बाबा इतके खूश झाले की त्या दिवशी पूर्ण जेवण न उठता जेवले. खरं तेच तर सांगायचं होतं! इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, आता पाण्यावर विचारणार होते.

एकादशीच्या दुपारी मी त्यांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन दुकानात गेले. ऊन असं की इतवाऱ्यात कुत्रंही रस्त्यावर नव्हतं. शेठ खंडव्याला गेलेला. बाबा एकटेच, अर्थात उभे. मी डबा ठेवते न ठेवते तोच एक तरुण माणूस धावत आत आला. हातात लाल बाटली, तोंड पांढरंफटक. शाळेत मास्तर होते ते, सुरेश नावाचे. पाच-सहा दिवसांपूर्वी त्यांची बायको शारदा बाळंत झाली होती. फार रक्त गेलं होतं. डॉक्टरांनी पोर्ट सांगितली म्हणून काल त्यांनी बाबांच्या हातून ही बाटली नेली होती.

"हिच्यात काय आहे, निंबाभाऊ?" बाटली फळीवर आपटत ते म्हणाले. "सकाळी दिली तिला. तेव्हापासून उलट्या. डोळे फिरवते. डॉक्टर बाहेरगावी गेलेत, संध्याकाळी येतील. हे खराब असेल तर मी आत्ता टांगा करून तिला स्टेशनवर नेतो, भुसावळला नेतो. पण ती उठून बसू शकत नाही हो! उगाच हलवली तर वाटेतच..."

मागे कुठल्याशा पाड्यावर वाईट दारूने माणसं दगावल्याची बातमी सगळ्यांच्या कानावर होती. बाबांनी बाटली उजेडात धरली. हुंगली. पुन्हा हुंगली.

"वास बरा वाटते," ते म्हणाले. "पन मास्तर, मी हुंगलेली ती उंची. ही सस्ती. हिचा वास मुळात असाच का बिघडून असा झाला, ते मले नाई सांगता येत."

"मग चाखून सांगा ना! तुम्ही तर राजाकडे..."

"चाखली नाई कधी."

मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्यांना वाटलं, बाबा हात झटकतायत.

"किती दिली होती?" बाबांनी विचारलं.

"अर्धा पेला. सकाळी उठल्याबरोबर."

"उपाशीपोटी?"

"हो. का?"

"जेवल्यावर देतात हे. थोडी. तिकडे कधी कोनाले जेवनाच्या आधी दिली नाई मी." आणि मग हळूच म्हणाले, "काल तुमाले सांगायला पाह्यजे होतं. दारूचं कसं सांगावं म्हणून नाई बोललो."

"म्हणजे त्यामुळेच झालं?"

"असंन. पन असंन म्हणून कसं भागंन? बाई मरनाच्या दारी आहे."

बाबा दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारून आले. मग त्यांनी गळ्यातली माळ काढली. मी ती गळ्यातून निघालेली कधी पाहिली नव्हती. न्हातानासुद्धा नाही. भिंतीवर तराजूची खुंटी होती, तिथे माळ टांगली, खालच्या फडताळातून काचेचा पेला काढला आणि बाटलीच्या गळ्याला फडकं गुंडाळलं. काय करतायत ते माझ्या ध्यानात आलं.

"बाबा! उद्या घाटावर जायचं आहे!"

"ठावं आहे."

"मग मास्तरांना पिऊ द्या ना! बायको त्यांची आहे!"

मास्तर खरंच पुढे झाले. पण बाबांनी पेला बाजूला घेतला. "तुमच्या पोटात सकाळचं काही असंन. मी सकाळपासून उपाशी आहे. तिच्यासारखाच. आनि विकली मी. रंग असाच होता म्हणून मी विकली."

अर्धा पेला मोजून ओतला, एक थेंब सांडला नाही. एकादशीच्या दिवशी, भर दुपारी, माझ्यादेखत बाबांनी तो पेला तोंडाला लावला आणि थांबत थांबत संपवला. खाली ठेवला. पालथ्या हाताने तोंड पुसलं आणि म्हणाले, "आता बसा. मले उलटी झाली त टांगा करा. तासाभरात काही नाई झालं त इष नाई."

तो तास मी विसरणार नाही. मास्तर दारात उभे, नखं खातायत. मी डब्याचं झाकण उघडतेय, लावतेय. डोक्यात दोनच गोष्टी आळीपाळीने, बाबांना काही झालं तर, आणि बाबांना काही झालं नाही तरी उद्याचं काय. शारदाचा चेहरा मी पाहिलेला नव्हता, तरी तिचा मला राग येत होता. इतक्या जणी बाळंत होतात, हिलाच मेलीला आमच्या दुकानातली दारू लागावी!

आणि बाबा? बाबा गोणीवर बसले होते. पाठ भिंतीला टेकलेली, हात मांडीवर उताणे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी दर थोड्या वेळाने विचारत होते, "काय होतंय?" ते मान हलवायचे, काही नाही. एक गिऱ्हाईक आलं आणि खोकल्याची गोळी मागून गेलं, ती मीच शोधून दिली. बाबा उठले नाहीत.

घड्याळाने ठोका दिला तेव्हा ते म्हणाले, "जा मास्तर. इष नाई. पेज पाजा, झोपू द्या. आनि उद्यापासून जेवल्यावर दोन चमचे, पानी घालून."

मास्तरांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग उंबऱ्यावरून परत फिरले. "निंबाभाऊ, एक मेहरबानी करा. माझं नाव कुठे घेऊ नका. आई माळकरी आहे. तिला मी द्राक्षाचा काढा म्हणून सांगितलंय. बाळंतिणीला दारू पाजली हे कळलं तर ती शारदाला घरात ठेवणार नाही, माहेरी धाडेल. तिला माहेरी कुणी नाही."

"नाई घेनार," बाबा म्हणाले. झालं! शब्द देऊन मोकळे. मला कुणी विचारलं का?

शारदा जगली, हे इथेच सांगून टाकते. पुढे मी तिला बाजारात पोराला कडेवर घेऊन भाजी घेताना बघत असे. तिला काहीच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी माळ देव्हाऱ्यात ठेवली आणि मायला सगळं सांगितलं. भगर तशीच परत आलेली. माळ उतरली की पुन्हा विधीने घालेपर्यंत तोंडात अन्न घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. माय कपाळाला हात लावून बसली, पण बाई व्यवहाराची. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "कोनी पाह्यलं? ह्या पोरीनं. पोरगी काही बोलनार नाई. मास्तर त बोलनारच नाई. सकाळी माळ घाला आनि जा. दवाच त होती. तापीमाय समजून घेईन."

खोटं कशाला सांगू, मलाही तेच हवं होतं. मी देव्हाऱ्यासमोर बसून देवाला तेच सांगत होते की यांना एवढं एक कळू दे. बाबा म्हणाले, "पाहू." आणि बाहेर पडले. त्या संध्याकाळी ते घाटावर किती वेळा गेले आणि आले, मी मोजणं सोडून दिलं.

सकाळी निघाले ते माळ न घालताच. मायने घाईघाईने त्यांच्या गळ्याभोवती उपरणं गुंडाळलं. वैशाखात! राजघाटाच्या पायऱ्यांवर दापोऱ्याची माणसं येऊन बसली होती. कौतिकदादा, त्यांचे चार भाऊबंद, आणि एका बाजूला लीलाधर, हातात नारळाची पिशवी. तापीचं पाणी खाली गेलेलं, शेवटच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. मी आणि माय बायकांच्या बाजूला उभ्या राहिलो. माझा हात मायच्या हातात.

राम राम झाला. कौतिकदादा म्हणाले, "निंबाभाऊ, उन्हाचं उपरनं कायले? मोकळे व्हा."

बाबांनी उपरणं काढलं. सगळ्यांनी गळा पाहिला. एक भाऊबंद खाकरला.

"माळ कोठी गेली?" त्याने विचारलं.

"काल उतारली," बाबा म्हणाले. "पेलो म्हणून. अर्धा पेला, लाल पोर्ट."

घाटावर एकदम कालवा झाला. "पाह्य! म्या सांगतलं होतं!" असं दोन-तीन तोंडांतून एकदम. कौतिकदादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चेहरा पडला होता त्यांचा.

"कालच पेले? त्याच्या आंधी?"

"कधीच नाई."

"मंग कालच कायले? कोनी पाजली?"

"ते सांगता येत नाई, दादा. एका जिवासाठी लागली. दवेसारखी."

मी तोंड उघडलं होतं. मास्तरांचं नाव ओठावर होतं, फक्त ओरडायचं होतं. तेवढ्यात शारदा डोळ्यांपुढे आली. तिला पाहिलेलं नसताना आली. मायने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. मी तोंड मिटलं. अजून मला त्या क्षणाचा राग येतो आणि दुसरं काही करता आलं असतं असं वाटतही नाही.

कौतिकदादा भाऊबंदांकडे वळून म्हणाले, "दवेची गिनती नाई. बरोबर का नाई? आपला बाप शेवटी डागदरची बाटली पीतच होता. ती काय दारू झाली?" भाऊबंद एकमेकांकडे बघू लागले. बाप सगळ्यांचाच होता. एकाने मान हलवली, मग दुसऱ्याने. कौतिकदादांचा आवाज एकदम मोकळा झाला. "निंबाभाऊ, घ्या पानी. म्हना, आजतक शौकानं चाखली नाई. बस. एवढंच म्हना."

देवमाणूस तो. आमच्यासाठी त्याने दार उघडून धरलं होतं. मायने सुस्कारा सोडला. लीलाधरने पिशवीतून नारळ बाहेर काढला, आणि माझ्याकडे पाहून किंचित हसला. मी त्या एका घटकेत लग्न होऊन दापोऱ्याला पोचलेसुद्धा.

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले. ओंजळ भरली. "तापीमाय," म्हणाले, "आजतक शौकानं..."

आणि थांबले.

ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं. कौतिकदादा म्हणाले, "म्हना, म्हना." बाबांनी मान वर केली. तोंड चोरी करताना सापडलेल्या माणसासारखं झालं होतं.

"दादा, पेलो त दवा म्हणूनच," ते म्हणाले. "पन आवडली मले."

ओंजळ रिकामी झाली.

मग कौतिकदादा, अगदी रडकुंडीला आल्यासारखे, म्हणाले, "अरे, पन हे तुमाले कोनी इचारलं होतं?"

एक भाऊबंद फिस्सकन हसला. मग सगळेच हसले आणि मग उठले. कौतिकदादा नाही हसले. ते खाली उतरून बाबांपुढे हात जोडून म्हणाले, "मी घरी काय सांगू, निंबाभाऊ?" बाबांनीही हात जोडले. लीलाधरने नारळ परत पिशवीत ठेवला. वडिलांच्या मागे पायऱ्या चढून गेला आणि वळून पाहिलं नाही. मी शेवटच्या पायरीपर्यंत वाट बघितली. नाहीच पाहिलं.

माय रागाने पुढे निघून गेली. मी आणि बाबा मागून. घाटाच्या दरवाजातून गावात आलो, रस्त्यावर सकाळची वर्दळ सुरू झालेली. माझ्या डोक्यात नुसता जाळ होता. एक वाक्य! एक वाक्य गिळता आलं असतं. इतके दिवस दुकानात "रंग असाच होता" म्हणून वेळ मारून नेली, आणि आज, माझ्या वेळी, यांना सगळं खरं सांगायची हौस आली. त्यांना कुठेतरी लागेल असं काहीतरी बोलायचं होतं मला.

"कशी होती तरी?" मी म्हणाले. "जिच्यापायी माझं घर मोडलं, ती?"

मला वाटलं मान खाली घालतील. ते उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं आणि मला समजलं की ह्यांना खरंच कुणीतरी विचारलेलं हवं होतं.

"आंधी गोड," ते म्हणाले. "काकवीवानी. मले वाटलं, हे त शरबत. मंग जिभेले धरते, जांभूळ खाल्ल्यावर धरते ना, तसं. मंग खाली उतरते गरम गरम आनि कानामागून वर येते. अन् पेला खाली ठेवला तरी जात नाई. तोंडात राह्यते. काळ्या मनुकेसारखं काहीतरी. लय वेळ."

वाटेवरच्या बाया आमच्याकडे बघत होत्या. बाबांना भान नव्हतं.

"महाराज जेवताना लय चिडचिड करे," ते म्हणाले. "दिवानावर, भावावर, सगळ्यायवर. आनि मंग शेवटी ही आली, का मानूस गप. खुर्चीत मागे टेकून बसे. मी मागे उभा राहून म्हनो, ढोंग आहे सगळं. पेल्यात काय ठेवलं आहे? वीस वर्षं मी त्याले मनात हसलो, निर्मला. ढोंग नव्हतं ते. काल गोनीवर बसलो ना, पह्यल्यांदा माझ्या डोक्यातलं सगळं थांबलं होतं. तुझं लगीन नाई, मास्तरची बायको नाई, शेठ नाई, काहीच नाई. हे दडवून पान्यावर कसं बोलू? शौक आनखीन काय असतो?"

मी पुढे चालायला लागले.

"आनि ही त सस्तीवाली होती," ते म्हणाले.

मी भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडायला लागले. लीलाधरसाठी रडत होते, दुसरं काही नाही. बाबा बाजूला नुसते हात लोंबते ठेवून उभे, मला हात लावावा की नाही ते त्यांना कळेना. कालपासून पोटात अर्ध्या पेल्याशिवाय काही नव्हतं, ऊन चढलं होतं आणि ते हलकेच डुलायला लागले. मग मीच डोळे पुसले, त्यांच्या दंडाला घट्ट धरलं आणि सावलीसावलीने घरापर्यंत नेलं. आणि त्यानंतर आषाढ लागेपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.